बोंबलाच्या पोटातला दोरा

मोताळ्यात राहून आम्ही समुद्र शिकवतो असं सांगितलं की माणसं आधी हसतात. हसू देत. माझ्या सख्ख्या मामाने तर भर पंगतीत विचारलं होतं, "सुचिता, तुले पगार कोन देते वं, सरकार का समुद्र?" सगळी पंगत हसली. मी वाढायला घेतलेली आमटी त्याच्या पानात जरा जास्तच जोरात ओतली.

समुद्र आमच्यापासून चारशे किलोमीटर लांब आहे. पण नळगंगेत टाकलेली पिशवी पूर्णेत जाते, पूर्णेतून तापीत आणि तापीतून समुद्रात, आणि तिला वाटेत कोणी तिकीट विचारत नाही. एवढी एक गोष्ट तालुक्यातल्या पोरांना समजावी म्हणून आमची 'ओघ' ही संस्था चालते. संस्था म्हणजे तीन माणसं. शेखर सर कोकणात पंधरा वर्षं कासवांच्या कामात होते आणि आईच्या आजारपणात गावी परतले. सकलैन जीप चालवतो, सूक्ष्मदर्शक सांभाळतो आणि पोरांना हसवतो. तिसरी मी. मी समुद्र आठ दिवस पाहिला आहे, प्रशिक्षणाला गेले होते तेव्हा. बाकी सगळं पुस्तकातून.

शिकवताना आमची एकच अडचण व्हायची. हातात द्यायला काही नव्हतं. पोटात प्लास्टिक सापडलेल्या कासवाचं चित्र पोरं पाहायची आणि जांभया द्यायची. मग एक दिवस माझ्या डोक्यात आलं की समुद्राची एक वस्तू मोताळ्यात दर आठवड्याला येते. सुकी मासळी! आठवडी बाजारात सकलैनची खाला, म्हणजे मावशी, खैरुन्निसा, बोंबील आणि जवळा विकते. तिचे यजमान रहेमतुल्ला गेले तेव्हापासून ती एकटी बसते, कांदा-लसणाच्या ओळीच्या टोकाला, एकाच जागेवर. सव्वीस वर्षं झाली. सकलैनने तिच्याकडून चार बोंबील आणले. शाळेसाठी म्हटल्यावर तिने चांगले निवडून दिले होते.

एप्रिलचा दुसरा आठवडा होता, सकाळची शाळा. सहावी-सातवीची पोरं एका खोलीत दाटीवाटीने बसली होती. आम्ही बोंबील स्टीलच्या भांड्यात कोमट पाण्यात भिजवले, ब्लेडने पोट चिरलं, आतलं सगळं पांढऱ्या फडक्यावर पिळलं आणि भांड्यातलं पाणीही त्याच फडक्यातून गाळलं. सूक्ष्मदर्शक लॅपटॉपला जोडला होता, म्हणजे सगळ्यांना भिंतीवर दिसत होतं. आधी बोंबलाने गिळलेला जवळा दिसला, मिशांसकट. पोरं किंचाळली. आणि मग त्या जवळ्याच्या शेजारी एक निळा दोरा दिसला.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! तीन वर्षं मी ज्याबद्दल तोंड दुखेपर्यंत बोलत होते ते भिंतीवर हातभर मोठं होऊन दिसत होतं. मी म्हणाले, "हे प्लास्टिक आहे. आपण नळगंगेत टाकलं, ते समुद्रात गेलं, माशाने खाल्लं आणि आज आपल्याच ताटात परत आलं." हे वाक्य मला फार आवडलं. एका शिक्षकांनी मोबाईलवर चित्रण केलं होतं. दुपारपर्यंत ते पालकांच्या ग्रुपवर गेलं, संध्याकाळपर्यंत तालुकाभर. शेखर सरांनी पुण्याच्या देणगीदार मंडळींना पाठवलं. त्यांचा लगेच फोन आला की सोळा मेला आम्ही येतोय, हाच प्रयोग आम्हाला प्रत्यक्ष पाहायचा आहे. मी दोन दिवस जमिनीपासून चार बोटं वर चालत होते.

पुढच्या बाजाराला खालाच्या दुकानावर गिऱ्हाईक आलं नाही. अगदीच नाही असं नाही. आलं, पाहिलं, गेलं. "पोट्टी म्हन्ते त्यात पलास्टिक हाय," असं एक बाई तिला तोंडावर सांगून गेली. त्याच्या पुढच्या बाजारालाही तेच झालं.

हे मला सकलैनकडून कळलं, आणि तेही उशिरा. तो एरवी अखंड बडबड करणारा माणूस. त्या दिवसांत त्याची उत्तरं एका शब्दावर आली होती. शेवटी जीपमध्ये मी चिडून विचारलं, "तुझ्या तोंडाला काय कुलूप लागलंय का?"

"ताई," तो रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "पावसाळ्याची बेगमी लोक आत्ताच घेते. एप्रिल आन् मे. खालाचं वर्ष ह्याच सहा-सात बाजाराईवर राह्यते. तिनं औंदा सात पोती उचलली. एक फुटलं. सहा तशीच पडून हायेत. पाऊस लागला का बोंबील मऊ पडते, वास मारते. मंग खतात टाका लागते."

मी बोटांवर उरलेले बाजार मोजले.

"मी तुमाले दोष नाई देऊन राह्यलो," तो म्हणाला. "बोंबील त मीच आनले होते."

त्याने दोष दिला असता तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं.

तिसऱ्या बाजाराला मी खालाकडे गेले. ऊन मी म्हणत होतं. तिच्या दुकानावर जुन्या साडीचं छप्पर आणि समोर गोणपाटावर बोंबलांचा ढीग, जवळ्याचा ढीग. मी तिला तब्येत विचारली, गुडघे विचारले, नातवाची परीक्षा विचारली. ताकाला जाऊन भांडं लपवत होते. ती थोडा वेळ उत्तरं देत राहिली आणि मग म्हणाली, "बेटी, तू ज्या कामाले आली थे काम सांग."

मग मी तिला सांगितलं की मला तिचं नुकसान करायचं नव्हतं. पण मी खोटंही बोलले नाही. समुद्रातल्या माशांत प्लास्टिक सापडतं, जगभरच्या शास्त्रज्ञांनी ते पाहिलंय. हे मी कसं बोलले कोण जाणे, पण बोलले. सहा पोती डोळ्यांसमोर दिसत असलेल्या बाईला मी जग सांगत होते.

"असंन," खाला म्हणाली. "समुद्र म्या नाई पाह्यला. तू पाह्यला."

तेवढ्यात धामणगाव बढ्याची एक म्हातारी आली. तिला बोंबील हवे होते, पण ढिगातले नको, नव्या पोत्यातले हवेत. खालाने मागचं पोतं पुढे ओढलं. प्लास्टिकच्या पट्ट्यांनी विणलेलं, निळ्या रंगाचं, तोंड शिवलेलं. नांदुऱ्याच्या व्यापाऱ्याकडून माल असाच येतो. तिने विळा घेतला आणि पोत्याच्या तोंडावरून एका झटक्यात ओढला.

निळे तंतू उडाले. बोंबलांवर पडले. वाळताना बोंबील तोंडं उघडी ठेवून वाळतात. दोन-चार तंतू सरळ त्यांच्या जबड्यांत जाऊन अडकले. खालाने दोन बोटांनी ते उपटले, फुंकर मारली आणि म्हातारीला माल दिला.

"हे काय?" मी विचारलं.

"पोत्याचे दोरे. पोतं फाडलं का उडतेच. धुतलं का जाते."

मी तिच्याकडून चार तंतू कागदात बांधून घेतले आणि ऑफिसात येऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. शेजारी त्या दिवसाचा दोरा, जो आम्ही काचेवर चिकटवून, वर तारीख घालून, एखादं पदक ठेवावं तसा कपाटात ठेवला होता. तोच निळा. तशीच चपटी पट्टी, लांबीवर तशाच रेघा, कडेला तसंच चिरफाळलेलं. आम्ही बोंबील बाहेरून धुतलेच नव्हते. वरून भांड्यातलं पाणीही त्याच फडक्यातून गाळलं होतं. दोरा पोटात नव्हताच. तो पाण्यात होता. कोकणातला कोणी असता तर त्याने ताजा मासा घेतला असता. आमच्याकडे मासा येतो तोच पोत्यातून, आणि तीन शहाण्यांपैकी एकालाही पोतं आठवलं नाही.

मला इतकी लाज वाटली की मी ऑफिसातला पंखा बंद करून घामात बसून राहिले, शिक्षा म्हणून.

शेखर सर वाईट माणूस नाहीत. त्यांनी दोन्ही दोरे नीट पाहिले, दोनदा पाहिले आणि खुर्चीत बसले.

"माशांच्या पोटात प्लास्टिक सापडतं, हे खोटं आहे का?"

"नाही."

"मग पोरांना जे कळलं ते खरंच आहे."

"पण आपण दाखवलेला दोरा पोत्याचा होता, सर."

"यापुढे नीट करू. बाहेरून धुऊ, पाणी वेगळं गाळू. मागचं उकरून काय मिळणार? सोळा मे तोंडावर आहे. आणि एकदा चुकलो म्हणून सांगितलं की पुढे आपलं कोण ऐकणार, याचा विचार कर."

मी तो विचार केला. दोन दिवस केला. उगाच मोठेपणा कशाला सांगू? सरांचं म्हणणं मला पटत होतं. तिसऱ्या दिवशी सकलैन सूक्ष्मदर्शकाच्या काचा पुसत होता. माझ्याकडे न पाहता तो म्हणाला, "ताई, आपन पोट्ट्याईले काय शिकवतो? आधी पाहा, मंग बोला. आन् आपन? आधी बोललो, मंग पाह्यलं."

सुट्टी लागायच्या दोन दिवस आधी मी पुन्हा त्याच वर्गात उभी राहिले. दोन्ही दोरे शेजारी-शेजारी भिंतीवर दाखवले. कसं चुकलो ते सगळं सांगितलं, पाणी गाळण्यासकट. मग सहावीतल्या नाजिशने हात वर केला. हीच पोरगी घरी जाऊन आजीच्या डब्यातले बोंबील फेकून आली होती.

"मॅडम, मंग ते कासवाच्या पोटातलं बी पोत्याचंच होतं का?"

"नाही गं. ते ज्यांनी पाहिलं त्यांनी नीट तपासून पाहिलंय."

"तुमी पाह्यलं का?"

"नाही. मी वाचलंय."

ती खाली बसली. मला कोणी मारलं असतं तर कमी लागलं असतं. तीन वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी योग्य प्रश्न विचारला होता आणि तो माझ्यावरच उलटला होता.

बाजाराच्या दिवशी आम्ही खालाच्या शेजारी टेबल मांडलं. सकलैनने जीपवरचा भोंगा लावला. मी सांगितलं की बाई-बाप्यांनो, चूक आमची, दोरा पोत्याचा, खालाच्या मालात दोष नाही. वीस-पंचवीस माणसं थांबली. एका बाईने कमरेवर हात ठेवून विचारलं, "तुमी खाता का वो मासळी?"

माझ्या गळ्यात माळ आहे. आमच्या घरी चार पिढ्या कोणी खाल्लेली नाही.

"नाही," मी म्हणाले.

"घ्या! मंग तुमाले काय मालूम!"

माणसं हसली आणि पांगली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते रागाचं होतं. बदनामी करायला माझा शब्द पुरला होता. ती पुसायला पुरत नव्हता.

खाला हे सगळं बसून पाहत होती. तिने ना मला धीर दिला ना बोल लावला. पिशवीतून विळी काढली, एक पाण्याचं घमेलं पुढे ओढलं आणि एक बोंबील बाहेरून खळखळून धुतला. मग विळीवर त्याचं डोकं उडवलं, पोट फाडलं, आतलं काढून कागदावर ठेवलं आणि समोरून जाणाऱ्या बाईला हाक मारली, "ओ माय, इकडे ये. घेऊ नोको, पाह्य फकस्त."

बाई थांबली. खालाने पोटातला जवळा दाखवला. दुसरा बोंबील फाडला, तिसरा फाडला. बाईने वाकून पाहिलं आणि म्हणाली, "साफ करून देतं का असंच सारं?"

"हाव. देतो ना."

त्या दिवशी अर्धं पोतं गेलं. साफ केलेले बोंबील म्हणजे घरचं अर्धं काम वाचलं, हे बायांना भोंग्याशिवाय कळलं. पुढच्या बाजाराला तिने शेजारच्या सत्यभामाबाईंची लेक मदतीला घेतली. मे महिन्याच्या अखेरीस सहातली चार पोती संपली होती. सोळा मेला पुण्याची मंडळी आली. शेखर सरांनी स्वतःच त्यांना सगळं सांगितलं, याचं मला आजही कौतुक वाटतं. मंडळींनी चहा घेतला, पुढच्या वर्षीचं कळवतो म्हणाली आणि गेली. अजून कळवलेलं नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पावसाआधीच्या शेवटच्या बाजाराला, सकलैन मला घ्यायला ऑफिसात आला. "खालानं बलावलं. आत्ताच चला म्हन्ते."

दुकानावर गर्दी होती, दहा-बारा बाया तरी. खालाने मला ओळींच्या आतल्या बाजूला, स्वतःजवळ बसवून घेतलं आणि तराजूखालून एक कागद काढला. आत एक फाडलेला बोंबील होता. पोटात जवळ्याचा लगदा, आणि त्या लगद्यात गुरफटलेला बोटाच्या पेराएवढा हिरवट धागा. मी टाचणीने जवळा बाजूला केला. धाग्याच्या मधोमध गाठ होती. मासे पकडायच्या जाळ्याला असते तशी, घट्ट.

"हे पोत्याचं नोहे," खाला हळू आवाजात म्हणाली. "पोत्याले गाठ नसते. धुतल्यावर निंघालं, पोटातून."

"कधी?"

"सकाळी. पयल्याच पाच-सहा बोंबलात."

"कोणी पाहिलं?"

"कोनी नाई."

मी समोर पाहिलं. बाया पिशव्या पुढे करत होत्या. मागे शेवटची दोन पोती उभी होती आणि पश्चिमेला आभाळ भरत होतं. तीन वर्षं मी जे शोधत होते ते माझ्या तळहातावर होतं, आणि मला त्याचा जराही आनंद झाला नाही.

"खाला," मी कुजबुजले, "ही दोन पोती संपू द्या. शाळा महिनाअखेरीला उघडेल. तेव्हा मी पोरांना दाखवीन. आत्ता कशाला?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं गणित चुकलेल्या पोरीकडे मास्तर पाहतात.

"सारे खाऊन बसले का मंग सांगशीन?"

मी काही म्हणायच्या आत तिने कागद उचलून धरला. "ऐका वो बायाहो! हे पाहा. आज ह्या बोंबलाच्या पोटातून मासे धराच्या जायाचा दोरा निंघाला. पोत्याचा नोहे, पोटातला. बाकीचे साफ करून राह्यली मी तुमच्यासमोर. पोट काढल्याबिगर कोनी खाऊ नोका. घरी असंन त्याचं बी काढा. ज्याले घ्याचं नाई त्यानं नोका घेऊ."

दोन बायांनी हातातला माल खाली ठेवला आणि त्या निघून गेल्या. मग आणखी एक गेली. उरलेल्यांनी कागद हातोहात फिरवला, वास घेतला, गाठ पाहिली. एकीने विचारलं, "मंग तू कायले विकते वं?"

"मले बी हेच खा लागते," खाला म्हणाली आणि पुढचा बोंबील विळीवर घेतला.

आमच्याकडे नमुना ठेवायची काचेची डबी असते. तिच्यावर चिठ्ठी लावायची असते, काय, कुठे, कधी आणि कोणाला सापडलं. मी धागा डबीत ठेवला, पहिल्या तीन गोष्टी लिहिल्या आणि थांबले. ही डबी शाळाशाळांतून फिरणार होती. पुढच्या वर्षी हेच नाव वाचून पोरं घरी जाणार होती आणि हाच बाजार पुन्हा भरणार होता.

"खाला, तुमचं नाव नको टाकायला," मी म्हणाले. "नुसतं मोताळा बाजार लिहिते. गिऱ्हाईक जाईल."

तिने ओले हात पदराला पुसले.

"सापडलं कोनाले?"

"तुम्हाला."

"मंग लिव," ती म्हणाली. "पुरं लिव. खैरुन्निसा रहेमतुल्ला. आन् मासळीवाली बी लिव."